कडक भाकरी आणि आमच्या बाई

आमच्या बाई दुपारी पाऊण ते सव्वा या वेळात कुणालाही भेटत नसत. प्राचार्यांनाही नाही. प्रयोगशाळेच्या दारात लॅबचे मामा उभे असायचे आणि येईल त्याला एकच वाक्य ऐकवायचे, "मॅडम जेवायल्यात. सव्वाला या." जर्नलवर सही हवी असलेला विद्यार्थी असो, ऑफिसातून 'अर्जंट' कागद घेऊन आलेला शिपाई असो, की पुस्तकांचा एजंट असो, मामांच्या आवाजात फरक पडत नसे. मला हे सुरुवातीला फार उद्धट वाटायचं. आज मी ज्या प्रकृतीनं आणि ज्या आवाजानं वर्गात उभी आहे, ती त्या अर्ध्या तासाची देणगी आहे.

बाई म्हणजे सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागप्रमुख. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्या आधी लेखातलं शुद्धलेखन तपासतील आणि मग मला फोन करून झापतील.

मी त्यांच्या विभागात तासिका तत्त्वावर लागले तेव्हा सोलापूर विद्यापीठ नुकतंच निघालं होतं, 2004 सालचं. त्याआधी आमच्या पदव्यांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का असे. विद्यापीठ नवं, अभ्यासक्रम नवे, पूर्णवेळ जागा मात्र निघायचं नाव नाही. तासिका तत्त्वावरचं जिणं ज्यानं काढलंय त्यालाच ते कळतं. तास घेतला तर पैसे. गणपती, दिवाळी, परीक्षा यांचे काही नाही. जे मिळायचे तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत, वर्ष सरत आल्यावर एकगठ्ठा. त्यामुळे मी दोन ठिकाणी तास घ्यायची. सकाळी एका कॉलेजात अकरावी-बारावी, तिथून सिटी बस धरून बाईंच्या विभागात प्रॅक्टिकलला. मधल्या वेळेत स्टँडवरचा वडापाव, नाहीतर बिस्किटाचा पुडा आणि चहा. आमच्या बरोबरीचे सगळे तेच खायचे. स्टाफरूममध्ये दिवसातून चार वेळा चहा फिरायचा, कुणाच्या वाढदिवसाची भजी यायची, कुणाच्या पीएच.डी.चे पेढे यायचे. ॲसिडिटीच्या गोळीची स्ट्रिप टेबलावर उघडी पडलेली असे आणि येता-जाता कुणीही त्यातली उचलत असे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीत आठवड्याचे 40 तास, वर्षाचे 180 अध्यापनाचे दिवस, सहायक प्राध्यापकानं प्रत्यक्ष शिकवायचे 16 तास, रोज किमान 5 तास महाविद्यालयात हजर राहणं, असं सगळं मोजूनमापून लिहिलेलं आहे. एवढ्या हजेरीत माणसानं जेवायचं केव्हा, याबद्दलची ओळ माझ्या तरी नजरेला पडलेली नाही.

पहिल्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेतल्या टेबलाशी उभ्या उभ्या बिस्किटाचा पुडा फोडला. बाई पलीकडे स्लाइड बघत होत्या. मायक्रोस्कोपवरनं डोळा न काढता म्हणाल्या, "मॅडम, ते इथं नाही." वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा ज्यांनी पाहिलीय त्यांना ठाऊक असेल, भिंतीला लागून बरण्यांची कपाटं असतात. शेवाळं, भूछत्रं, नेचे, सायकसचे शंकू, सगळं फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवलेलं. आमच्या बरण्यांची झाकणं जुनी होती, हाताला दिवसभर तो उग्र वास राहायचा. फॉर्मालिनमधल्या फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये दिला होता. बाईंनी त्या बातमीचं कात्रण कपाटावर चिकटवून ठेवलं होतं. "हात धुवा. साबणानं. दोनदा. आणि बाहेर या."

बाहेर म्हणजे मागच्या व्हरांड्यात. तिथं कडुनिंबाची सावली यायची, मामांनी वर्गातले दोन मोडके बाक दुरुस्त करून समोरासमोर मांडले होते. "बसा की ओ," बाई म्हणाल्या. "उभ्यानं खाल्लेलं गुडघ्यात जातंय." वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या तोंडून हे शरीरशास्त्र ऐकून मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

त्यांचा डबा स्टीलचा, तीन पुडाचा. खालच्या पुडात ज्वारीची भाकरी, मधल्यात मोड आलेल्या मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, वरच्यात चिरलेली काकडी, गाजर, मुळ्याच्या चकत्या, थंडीत कांद्याची पात. दही वेगळ्या बाटलीत. आणि एका चपट्या डबीत शेंगांची चटणी. सोलापुरात शेंगदाण्याला शेंगाच म्हणतात आणि ही चटणी मिक्सरला लावणाऱ्या घरात लोक मुलगी द्यायला कचरतात, असं बाई म्हणायच्या. खरपूस भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट उखळात घालून कांडायचं. कांडता कांडता शेंगांचं तेल सुटतं, मुठीत धरली तर चटणीची वडी वळते आणि बोटांना लाल तेल लागतं. मिक्सरमधून निघते ती नुसती भुकटी. बाईंच्या डबीच्या झाकणाला आतून ते तेल कायम लागलेलं असे.

बाई मंगळवेढ्याच्या. तिकडच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी पुढं 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली, पण बाईंना त्या शिक्क्याची गरज नव्हती. घरची पोती यायची. ही रब्बीची ज्वारी. भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि परतीचा पाऊस गेला की जमिनीत राहिलेल्या ओलीवरच ती वाढते. आमच्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडीचं वाण आजही शेतकरी मागून घेतात. बाईंच्या डब्यासमोर बसलं की हे सगळं ऐकायला मिळायचं. जेवताना कॉलेजचं राजकारण बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक. ज्वारीवर, पावसावर, पोरांवर, सिनेमावर बोला. प्राचार्यांवर सव्वानंतर.

त्या दिवशी त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरी जास्त होती. "संपत नाही ओ मला, उचला." पुढं वर्षभर त्यांना डबा संपत नव्हता. मला पैसे कधी मिळतात, किती मिळतात, एका अक्षरानं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझा स्टँडवरचा वडापाव कधी बंद झाला ते मला कळलंसुद्धा नाही. महिन्याअखेरीला हातात चार पैसे जास्त उरायला लागले, तेव्हा हिशेब ध्यानात आला.

या सगळ्यात दयेचा सूर कुठंच नव्हता. उलट बाई डब्यावरनं शिकवायच्याच. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात मेथिओनीन कमी, ते धान्यातून मिळतं. म्हणजे भाकरी-उसळ ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. पालेभाजीवर लिंबू का पिळायचं, तर क जीवनसत्त्व असलं की भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा का नाही, तर चहातली टॅनिन्स तेच लोह अडवून धरतात. "शेवटचा घास आणि चहा यात तासभर जाऊ द्या. तासभर चहा नाही मिळाला तर कॉलेज बंद पडत नाही." मी एम.एस्सी. झालेली, अमिनो आम्लांची रचना फळ्यावर काढून दाखवणारी. पण ती माझ्या ताटात असतात, हे मला त्या बाकावर कळलं.

प्रमाणही त्यांनी वाटीतच सांगितलं. त्यांच्याकडं कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची जुनी, डाग पडलेली प्रत होती. 1970 साली निघालेल्या त्या पुस्तकानं वाटी-चमच्याच्या मापांनी महाराष्ट्रातल्या लेकीसुनांना स्वयंपाक शिकवला. बाई म्हणायच्या, जेवणालाही तेच माप लावा. एक वाटी उसळ नाहीतर डाळ, दोन वाट्या भाज्या, त्यातली एक कच्ची, अर्धी वाटी दही, एक भाकरी. भूक असेल तर भाजी वाढवा, भाकरी नको. मग कितीतरी वर्षांनी, 2024 मध्ये, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 250 ग्रॅम धान्य, आणि निम्मं ताट भाज्या-फळांचं. वाचता वाचता मला बाईंचा वरचा पुडा डोळ्यांपुढं आला. फक्त फळ त्यात नसायचं. ते त्या चार वाजता खायच्या. पेरूच्या दिवसांत पेरू, आमच्याकडं स्वस्त झाली की डाळिंबं, आणि काहीच नसलं तर मूठभर फुटाणे नि गुळाचा खडा.

हे सगळं नोकरी करणाऱ्या बाईला जमायचं कसं, हा प्रश्न मी विचारला होता. बाईंचं उत्तर होतं, शनिवारी रात्री. मटकी, हुलगे, हरभरे भिजत घालायचे. रविवारी सकाळी फडक्यात बांधायचे, सोमवारी मोड येतात, ते डब्यात भरून फ्रिजमध्ये. रविवारीच कांदा-खोबऱ्याचं वाटण, चटणी, निवडून ठेवलेल्या दोन पालेभाज्या. "आणि ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवशी कडक भाकरी."

कडक भाकरीबद्दल थोडं सांगायलाच हवं. सोलापूरबाहेरच्यांना ती पापडासारखी वाटते. पातळ थापायची, तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर तिच्यातलं पाणी पार जाईपर्यंत ठेवायची. मग ती कित्येक दिवस टिकते. प्रवासाला न्या, शेतावर न्या, परदेशी लेकाला पाठवा. मला कडक भाकरी आमच्या गल्लीतल्या एका मावशींकडून मिळायची. त्या बचत गटातल्या बायकांसोबत भाकऱ्या करायच्या, चुलीसमोर बसून, भल्या पहाटेपासून. 'कॉलेजच्या बाई' म्हणून मला मोडलेल्या भाकऱ्यांचा पुडा फुकट द्यायच्या. त्यांचंही देणं माझ्याकडं आहेच.

एकदा त्या भाकरीनं आमच्या वर्गात मोठी करामत केली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रायझोपस ही बुरशी असते. प्रॅक्टिकलच्या चार दिवस आधी मामा ओलसर पावाचा तुकडा काचेच्या घंटेखाली झाकून ठेवायचे, त्यावर पांढरा कापूस आणि काळे ठिपके दिसले की साहित्य तयार. बाईंनी एका वर्षी शेजारी दुसरी घंटा ठेवली, तिच्याखाली कडक भाकरी. चार दिवसांनी पावावर जंगल माजलेलं आणि भाकरी होती तशी. बाईंनी पोरांना विचारलं, का? कुणाला सांगता येईना. मागच्या बाकावरचा पंढरपूरकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिच्यात पाणीच नाही की." बाईंनी त्याला पुढं बोलावून सगळ्या वर्गासमोर टाळ्या वाजवल्या. बुरशीला वाढायला ओल लागते, हे पान मी पुस्तकातनं कितीतरी वेळा शिकवलं होतं. त्या बॅचला ते जितकं पक्कं बसलं तितकं माझ्या कुठल्याच बॅचला बसलं नव्हतं. त्या घंटेखालची भाकरी मात्र बाईंनी कुणाला खाऊ दिली नाही. प्रयोगशाळेतलं प्रयोगशाळेत.

दुसऱ्या सत्रात माझा आवाज बसायला लागला. सकाळी ऐंशी-नव्वद मुलांचा वर्ग, दुपारी पंख्यांच्या घरघरीवर मात करून प्रॅक्टिकल. संध्याकाळी घरी बोलायला गेलं की नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्राच्या पडद्यांवर सूज आहे, अशीच राहिली तर गाठी धरतील. बाईमाणूस बोलतं तेव्हा ते पडदे सेकंदाला सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, हे मला तेव्हा कळलं. दोनशे वेळा, आणि आपण त्यांच्यावर खडूची धूळ, उपाशीपोटीचा चहा आणि वर आलेलं आम्ल ओततो. डॉक्टर म्हणाले, कुजबुजायचंही नाही, घसा खाकरायचा नाही, पाणी घोट घोट दिवसभर. ते सगळं ठीक होतं. पण तास बुडवला की पैसे नाहीत, याला त्यांच्याकडं औषध नव्हतं.

बाईंकडं होतं. त्यांनी माझी दोन लेक्चर्स स्वतः घेतली आणि प्रॅक्टिकल माझ्याकडं ठेवली, कारण तिथं फळ्यावर आकृती काढून टेबलाटेबलाशी जाऊन हळू बोललं तरी भागतं. शिवाय त्यांनी कमरेला लावायचा छोटा माईक विकत आणला. तो आधी महिनाभर स्वतः लावून शिकवलं. विभागप्रमुखच माईक लावतात म्हटल्यावर माझ्या माईकला कोण हसणार? तास सुरू झाल्याबरोबर ओरडून वर्ग गप्प करायचा नाही, हेही त्यांचंच. फळ्याकडं वळून न बोलता आकृती काढायला लागायचं. पोरं आपोआप वह्या उघडतात, आणि तेवढ्यात आपले पडदे दोन-तीन मिनिटं वाचतात. ही युक्ती मी आजही वापरते. फक्त आकृती चांगली काढता यायला हवी.

पाण्याचा किस्सा जरा अवघड आहे, पण तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या विज्ञान इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मैदान ओलांडून मुख्य इमारतीत जावं लागे. सोलापूरचा एप्रिल, पारा बेचाळीसच्या पुढं, आणि इमारतीतल्या सगळ्या शिक्षिका पाणीच पीत नसत. जायला नको म्हणून. बाईंचं त्यापायी मूतखड्याचं ऑपरेशन झालेलं. ते त्या लपवत नसत, उलट स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्यानं सांगत. पुरुष प्राध्यापक माना खाली घालत. दर वर्षी जूनमध्ये बाईंचा एक अर्ज ठरलेला, विषय तोच, जोडपत्र म्हणून मागच्या वर्षीच्या अर्जाची पोच. मी तिथं असतानाच ते स्वच्छतागृह झालं. त्याला कडी बसवायला पुन्हा एक अर्ज लागला.

काम करण्याची त्यांची रीत हा खरं तर वेगळा विषय, पण डब्याला लागूनच येतो. अर्धा तास जेवायला बसायचं तर तो कुठून तरी काढावा लागतो. बाई तो फुटकळ कामांतून काढायच्या. लेक्चर संपलं की खुर्चीत टेकण्याआधी टीचिंग डायरीत तीन ओळी लिहायच्या: आज कुठं थांबलो, कुठला प्रश्न आला, उद्या कुठून सुरुवात. दुसऱ्या दिवशीची तयारी तिथंच निम्मी झालेली. जर्नल घरी न्यायचं नाही, प्रॅक्टिकल चालू असतानाच टेबलाशी बसून तपासायचं, पोरगं समोर असलं की चूक लगेच दाखवता येते. कॅप सेंटरवर पेपर तपासताना सगळ्या गठ्ठ्याचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. हात भरभर चालतो, आणि कंटाळून शेवटच्या पोराला कमी मार्क पडत नाहीत. नॅकच्या मूल्यांकनाचं तर विचारू नका. कमिटी येणार म्हटलं की आमची अर्धी कॉलेजं सहा महिने रात्री जागायची. सात निकषांच्या सात फायली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणाचा फोटो कुणाकडं आहे याची शोधाशोध. बाईंच्या विभागात कार्यक्रम झाला की त्याच दिवशी सूचना, हजेरी आणि अर्ध्या पानाचा अहवाल टाचून फायलीत जायचा. कमिटी आली त्या दिवशीही त्या पाऊण वाजता डबा घेऊन व्हरांड्यात होत्या. समितीतल्या एक बाई तिथंच येऊन बसल्या आणि चटणीची कृती लिहून घेऊन गेल्या.

'नाही' म्हणणं हा मात्र प्रकार त्यांना सहज जमायचा आणि मला अजून नीट जमत नाही. कुणी काही काम गळ्यात घालायला आलं की त्या म्हणायच्या, "उद्या सांगते." निम्मी कामं उद्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडलेली असत. हे लबाडीचं आहे, असं मी एकदा म्हटलं होतं. "असंल की," त्या म्हणाल्या आणि काकडीची फोड उचलली.

मी प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा दिली त्या वर्षी बाईंनी माझ्या वेळापत्रकात रोज एक तास मोकळा ठेवला आणि हर्बेरियमच्या खोलीची किल्ली माझ्याकडं दिली. पास झाल्यावर पेढे घेऊन गेले तर म्हणाल्या, एकच घेते, साखर सीमेवर आहे. पुढं मला दुसऱ्या महाविद्यालयात पूर्णवेळ जागा मिळाली. बाई साठाव्या वर्षी नियमानं निवृत्त झाल्या. मामा त्यांच्या आधीच झाले होते.

आता आमच्याकडंही स्वतःची काळजी घ्या म्हणून सांगणारे पुष्कळ झाले आहेत. शिक्षकांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा असते. ती बहुतेक वेळा रविवारी असते. वक्ते श्वासावर लक्ष द्यायला सांगतात, मग पुरी-भाजीचं पाकीट आणि सक्तीचा फीडबॅक फॉर्म. श्वासाशी माझं भांडण नाही. पण आठवड्याची एकुलती एक सुट्टी काढून घेऊन शांत राहायला शिकवणं मला पटत नाही. ज्याला तासाच्या हिशेबानं, आणि तेही वर्षाअखेरीस, पैसे मिळतात, त्याला 'पौष्टिक आहार घ्या' सांगणं तर निव्वळ थट्टा आहे. बाईंनी मला असला उपदेश एकदाही केला नाही. जागा दिली, वेळ दिला, भाकरी दिली, आणि दारात मामांना उभं केलं.

त्या वर्षाच्या डब्याचे पैसे देण्याचा विषय मी एकदा त्यांच्या घरी काढला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनेला हाक मारून माझं ताट वाढायला सांगितलं. नंतर निघताना म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजात आता तासिकेवर किती जण आहेत?" मी आकडा सांगितला. "जेवतात कुठं?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली. दोघी जणी पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून खात होत्या. एक मुलगा खातच नव्हता. त्यांच्यासाठी आता आमच्या विभागात एक टेबल आहे, हात धुवायला बेसिन आहे आणि पाऊण ते सव्वा दार बंद असतं. माझ्या डब्यात भाकऱ्या जास्त असतात. संपत नाहीत म्हणते.

हे वाचणाऱ्यांत कुणी प्राचार्य, संस्थाचालक किंवा वेळापत्रक समितीवर असतील तर त्यांना विनंती आहे. शिक्षकांना सलग तीसेक मिनिटं जेवायला मिळतील असं वेळापत्रक करा, प्रत्येक इमारतीत पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह ठेवा, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसांचं मानधन महिन्याच्या महिन्याला निघावं म्हणून तुमच्या सहीचं पत्र वर पाठवा. पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या वर्षीच्या पत्राला ती जोडावी लागते.